त्यांचा स्वभावच तसा होता

काकू गेल्या त्या दुपारी आमच्या इमारतीत पिठलं तीन घरांतून आलं आणि भात एकाही घरातून आला नाही. डोंबिवलीतली १९८४ मधली इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, सोळा घरं. कुणाकडे मयत झाली की त्या घरात चूल पेटत नाही. मग पिठलं कोणी करायचं, भात कोणी लावायचा, थर्मासमधून चहा कोणी न्यायचा, डॉक्टरांचा दाखला घेऊन महापालिकेत कोणी धावायचं, हे सगळं इतकी वर्षं पहिल्या मजल्यावरून ठरत आलं होतं. ठरवणारं माणूसच त्या दिवशी हॉलमध्ये चटईवर निजलेलं होतं. कुणीतरी कुकर लावला तेव्हा तीन वाजून गेले होते.

तेरावं झाल्यावर इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. नव्या इमारतीत गच्चीवर एक हॉल मिळणार आहे, त्याला काकूंचं नाव द्यावं असं एकाने सुचवलं. दुसऱ्याने विचारलं, सोसायटीत त्यांनी पद कुठलं भूषवलं होतं? तिसऱ्याने लिहिलं, अशी देवमाणसं आता होणे नाही, जुन्या भिंतींबरोबर माणुसकी गेली. त्यावर २०३ मधल्या मुलीने लिहिलं, गेली ते बरंच झालं, तुमच्या त्या माणुसकीपायी आम्हाला रात्री दहानंतर जिना चढायची चोरी होती. पुढे दोनेकशे मेसेज, चार जणांनी ग्रुप सोडला, दोघं परत आले. हा वाद आमच्या सोळा घरांपुरता नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हाही हेच दोन सूर लागले. एक सूर ‘चाळ संस्कृती संपली हो’ म्हणून डोळे पुसणारा आणि दुसरा ‘सुटलो एकदाचे’ म्हणणारा.

माझ्या मते दोन्ही सूर एकाच गैरसमजातून निघतात. शेजारधर्म ही एक हवा होती, जुन्या वास्तूत ती आपोआप खेळायची आणि नव्या वास्तूत ती असणार नाही, असं दोघांनी धरून ठेवलंय. एकाला त्या हवेत सुगंध येतो, दुसऱ्याचा जीव घुसमटतो, एवढाच फरक. पण ते काम होतं हो! कोणीतरी ते रोज, ठरलेल्या वेळी, स्वतःच्या गुडघ्यांनिशी करत होतं. काकूंची आठवण ठेवायची असेल तर ते काम आठवायला हवं, आणि त्यासाठी गेल्या महिन्यात मी निदान पन्नास वेळा ऐकलेलं ‘त्यांचा स्वभावच तसा होता’ हे वाक्य आधी बंद करायला हवं.

काम म्हणजे काय ते सांगते. काकूंच्या दारामागे एक फळी होती, तिच्यावर चौदा खिळे आणि त्यांतल्या अकरांना किल्ल्या. किल्ल्यांना नंबर लावलेले नव्हते. चोराला कशाला पत्ता द्यायचा, म्हणायच्या. ओळख बांधलेल्या वस्तूवरून. लाल नाडी म्हणजे २०२, कुकरच्या जुन्या रिंगेचा तुकडा म्हणजे ३०१, दोन काळे मणी ओवलेली आमची. स्वयंपाकघरात कालनिर्णय. आपण त्याच्यावर आपल्या घरच्या दुधाचे खाडे लिहितो, काकूंच्या चौकटींत अख्खी इमारत असायची: ‘३०४ गॅस’, ‘टँकर १० ला’, ‘२०२ बीपी गोळ्या’. मार्चच्या एका चौकटीत मी ‘१०३ बारावी, जिन्यात आवाज नको’ असंही वाचलं. आमच्याकडे रात्री झोपताना दाराच्या कडीला रिकामी पिशवी लावतात, पहाटे दूधवाला तीत दूध टाकून जातो. साडेसहाला काकू जिना झाडायला म्हणून केरसुणी घेऊन निघत. जिना झाडायला सोसायटीचा माणूस होता, पण ते जाऊ द्या. त्या पिशव्या बघत वर जात. सात वाजून गेले तरी कडीला दूध तसंच, की त्या दाराची बेल वाजलीच म्हणून समजा. २०२ मधल्या आजी न्हाणीघरात पडल्या होत्या तेव्हा त्या अशाच सापडल्या. मुलगा पुण्याला, फोन लागत नव्हता, लाल नाडीची किल्ली होती म्हणून दार फोडावं लागलं नाही.

आता वर्तमानपत्रात आलेली चार ओळींची बातमी बघा. ‘त्या मनमिळाऊ व परोपकारी स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात पती, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ बातमी देणाऱ्याचा दोष नाही, नमुनाच तो आहे, नाव बदलायचं आणि छापायचं. पण त्या नमुन्यात ‘पश्चात’ कोण उरलं याची यादी रक्ताच्या नात्यापाशी थांबते, आणि माणसाने काय केलं हे सांगायची जागा स्वभाव अडवून बसतो. कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस गेला तर आपण ‘ते फिरत्या स्वभावाचे होते’ असं लिहितो का? त्याला हुद्दा असतो, खातं असतं, सेवानिवृत्तीची तारीख असते. बिनपगारी काम करणाऱ्या बाईचं काम मात्र तिच्या नाकीडोळ्यांत जमा. जात्यावरच्या ओव्यांमध्ये शेजीला, म्हणजे शेजारणीला, जागोजाग हाक मारलेली आहे, तिच्याजवळ दुःख सांगितलंय, तिच्या नावाने बोटंही मोडली आहेत. दळणाऱ्या बायकांनी शेजीला नुसतं ‘मनमिळाऊ’ म्हणून निकालात काढलं नव्हतं.

वास्तूमुळे शेजार होतो, या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. सामायिक गॅलरी, सामायिक नळ, एकमेकांच्या फोडणीचा वास, यांनी माणसं समोरासमोर येतातच. पण समोरासमोर येणं म्हणजे मदतीला येणं नव्हे. माझं माहेर गिरगावातल्या चाळीत. तिथे नळावरच्या भांडणावरून दोन समोरासमोरच्या बिऱ्हाडांनी सतरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि तीन फुटांच्या गॅलरीत तोंड न पाहता राहायचं तर तेही मेहनतीचंच काम आहे! उलटं उदाहरण आमच्या शेजारच्याच गावचं. भिवंडीत १९७० मध्ये दंगल झाली, १९८४ मध्ये पुन्हा झाली, माणसं मेली, घरं जळली. १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकेका वस्तीतली दोन्ही धर्मांची साधी माणसं नेमाने एकत्र बसायची, पोलिसांसह. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आठ वर्षांत भिवंडीकरांचा स्वभाव पालटला होता का? गल्ल्या त्याच, यंत्रमाग तेच, दाटीवाटी तीच. बदललं होतं ते एवढंच, की शेजार राखणं हे कोणाचं तरी नेमून दिलेलं काम झालं होतं, त्याला वार होता, जागा होती, हजर राहणारी माणसं होती. सद्गुणांवर सोडलं होतं तोवर जे दोनदा जळलं, ते बैठकीवर सोपवल्यावर वाचलं.

२०३ मधल्या मुलीचं म्हणणं मात्र सहज झटकून टाकण्यासारखं नाही. ‘आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून’ ही म्हण शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांसाठी केलेली आहे. तिला मोटारसायकलवरून कोण सोडतं हे तिच्या आईला काकूंकडूनच कळलं होतं आणि त्यानंतरचं वर्ष त्या घरात फार वाईट गेलं. याहून जुनी आणि खोल गोष्ट जातीची. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात डोकं टेकायला जागा मिळाली नाही. ते उतरले होते त्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं आणि एवढ्या शहरात एकाही शेजाऱ्याचं दार उघडलं नाही. गिरणगावातल्या चाळीसुद्धा गाव आणि जात बघून भरत गेल्या. आपण ज्या एकोप्याच्या आठवणी काढतो तो पुष्कळदा आपल्यासारख्यांचाच एकोपा होता. आणि काकू? आमच्या तळमजल्यावर १९९१ मध्ये एक बौद्ध कुटुंब राहायला आलं. त्या घरातल्या ताईंनी मला सांगितलं, पहिली तीन वर्षं काकू त्यांच्याकडून आलेली वाटी घ्यायच्या, रिकामी न पाठवता भरून परत द्यायच्या, पण त्यांच्या घरात कधी पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. त्याच तीन वर्षांत ताईंच्या बाळंतपणाला रात्री दोन वाजता स्टेशनपर्यंत चालत जाऊन रिक्षा आणली ती काकूंनीच. पुढे काकू त्यांच्याकडे पाणी पिऊ लागल्या, नंतर जेवूही लागल्या. कधीपासून आणि कशामुळे, हे ताईंना नीट आठवत नाही. काकूंना विचारायचं राहून गेलं.

‘देवमाणूस’ म्हटलं की न प्यायलेलं पाणी पुसलं जातं. ‘गेली ते बरं झालं’ म्हटलं की रिक्षा पुसली जाते. कामाचा हिशेब मांडला तर दोन्ही रकाने भरावे लागतात, आणि म्हणूनच मला आठवणीची ती एकच रीत प्रामाणिक वाटते. ताई काकूंच्या तेराव्याला आल्या होत्या, रडल्या, आणि हेही सांगून गेल्या. त्यांना यात काही विसंगत वाटलं नाही.

शिवाय पाळतीचं म्हणाल तर ती नव्या इमारतीत कुठे कमी होणार आहे? आपल्या भाषेत लक्ष असणं वेगळं आणि लक्ष ठेवणं वेगळं. टॉवरमध्ये मजल्यामजल्यावर कॅमेरा, गेटवरच्या ॲपमध्ये कोण कधी आलं कधी गेलं याची नोंद, कामवाल्या बाईंची बाहेर पडताना पिशवी तपासायची, अविवाहित भाडेकरू नकोत म्हणून ठराव, आणि आडनाव ऐकून ‘फ्लॅट गेला’ म्हणणारे दलाल. लक्ष ठेवणं तिथे पगारी आणि चोवीस तास आहे. गेलंय ते लक्ष असणं. त्या मुलीला जिन्यात कॅमेरा चालणार आहे, कारण तो तिच्या आईशी बोलत नाही. उद्या त्याचं चित्रीकरण कमिटीच्या ग्रुपवर फिरलं म्हणजे मग बोलू.

दुसरा मुद्दा मला जास्त पटतो: पैसे मोजले की मिंधेपण उरत नाही. औषध घरपोच येतं, आजारी माणसाला ब्युरोची बाई मिळते, किराणा दहा मिनिटांत दारात. कुणाच्या उपकाराचं ओझं नको, उद्या कुणी तोंडावर काढायला नको. खरं आहे. उपकार फेडता न आल्याने वाकलेले लोक मी पाहिलेत, त्यांतली एक मी आहे. पण सेवा बोलावल्यावर येते. न्हाणीघरात पडलेल्या आजी कुठलं ॲप उघडणार होत्या? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल जागच्या जागी थांबल्या, मोबाइल मुके झाले. मी त्या रात्री भांडुपच्या एका शाळेच्या वर्गात बाकावर बसून होते. माझा सहा वर्षांचा मुलगा काकूंकडे होता, आणि त्याच्याबरोबर इमारतीतली आणखी सहा पोरं, ज्यांच्या आयाबापांपैकी कोणीच घरी पोचलं नव्हतं. या सात जणांना कोणी ‘बुक’ केलं नव्हतं. काकूंनी शाळेच्या बसची वाट बघत गेटवर छत्री धरून उभं राहायचं ठरवलं, कारण कुठल्या घरात संध्याकाळी सातपर्यंत कुलूप असतं ते त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा पोरं मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणाचे गणपती करत बसली होती. काकू माझ्यावर ओरडल्या, आधी चप्पल बाहेर काढ, केवढा चिखल.

आता सगळ्यात कठीण आक्षेप, जो ग्रुपवर कोणी घेतला नाही, म्हणून मीच माझ्यावर घेते. काकूंना हे सगळं जमलं, कारण त्या घरी होत्या. मग बायकांनी नोकऱ्या सोडून जिने झाडावेत असं म्हणायचंय का? बावीस वर्षं मी सकाळची सात बावन्नची लोकल पकडली. माझी नोकरी, माझी बढती, या इमारतीतल्या घराच्या कर्जाचे माझे हप्ते, हे सगळं दुसरी एक बाई घरात राहिली म्हणून शक्य झालं. मी एकदा पैसे देऊ केले तेव्हा त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मग दिवाळीला साडी द्यायला लागले. बावीस वर्षांत आठ साड्या दिल्या, मोजल्यात मी आता. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ९७, असं आढळलं. दुसऱ्याच्या घरासाठी केलेल्या बिनपगारी कामालाही त्या सर्वेक्षणात रकाना आहे, पण सर्वेक्षक काकूंच्या दारात आला असता तर त्यांनी ‘मी कुठे काय करते’ असंच सांगितलं असतं. आपण सगळ्यांनी मिळून त्यांना ते उत्तर शिकवलं होतं.

म्हणून तर काम हा शब्द हवा. गिरणगावात पिढ्यान् पिढ्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या, आणि जग त्यांना गृहिणी समजत होतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा पहिली गोष्ट झाली ती अशी की सावकाराकडे भांडी गहाण टाकणाऱ्या बाईला बँकेने धंदा करणारी बाई म्हणून कर्ज दिलं. पोळ्या कालच्याच होत्या. त्यांना काम म्हटल्याबरोबर भांडवल, भाव, सुट्टी हे प्रश्न विचारता येऊ लागले. शेजारधर्माला काम म्हटलं की असाच एक गैरसोयीचा प्रश्न पुढे येतो: सोळा घरांचं काम एका बाईवर का होतं? तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या दीड महिन्यात पिशव्या कोणी बघितल्या? कोणीच नाही. त्या महिन्यात कोणी न्हाणीघरात पडलं नाही, हे आमचं नशीब. स्वभाव वाटून घेता येत नाही, त्यामुळे ‘अशी माणसं आता होणे नाही’ म्हणणाऱ्याची जबाबदारी हार घालण्यापाशी संपते. काम वाटून घेता येतं, आणि ग्रुपवर हीच गोष्ट कोणाला नको होती असा माझा संशय आहे.

हॉलला नाव द्यायला माझा विरोध नाही. गावोगावी चौकांना नावं दिलेली असतात, पाटीखाली भाजीवाला बसतो, आणि नाव कोणाचं हे रिक्षावाल्याला विचारलं तर तो ‘मारुतीच्या देवळाजवळचा चौक का’ म्हणतो. आमच्या डोंबिवलीला मिरवायला येतं. पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये इथूनच सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर पसरली. पाटीही आम्ही छान करू. पण बिल्डरशी जो करारनामा होतोय त्यात कार्पेट एरिया आहे, कॉर्पस आहे, तीन वर्षांचं भाडं आहे, सामान हलवायचे पैसे आहेत. या तीन वर्षांत सोळा घरं ठाकुर्लीपासून बदलापूरपर्यंत पांगणार आहेत, त्यांतल्या पाच घरांत सत्तरीपुढची एकेकटी माणसं आहेत, त्यांना रोज फोन कोण करणार हे त्यात कुठे नाही. बिल्डरने ते का लिहावं? लिहायचं आपण.

म्हणून मी पाटीच्या आधी एक कागद फिरवला. काकूंच्या कालनिर्णयावरची वर्षभराची पानं चाळून त्यातली कामं एकाखाली एक उतरवली. एकोणीस निघाली. पुढे नाव घालायला जागा ठेवली. टँकर, गॅस, महापालिकेचे हेलपाटे, ही कामं पुरुषांनी पटापट घेतली, त्यांत पावत्या असतात. २०३ मधल्या मुलीने दोन आज्यांचे फोन घेतले आणि खाली लिहिलं, ‘फक्त फोन, चौकशा नाहीत.’ ठीक आहे. सगळ्यांत वरची ओळ, ‘सकाळी पिशव्या बघणे’, चार दिवस रिकामी राहिली. सगळेच सातच्या आत बाहेर पडणारे. पाचव्या दिवशी कागद माझ्याकडे परत आला तेव्हा तिथे काकांची सही होती. पंचेचाळीस वर्षं ज्यांना चहाचा कप खुर्चीत मिळाला ते काका. त्यांना जिना चढताना दम लागतो, आणि चष्मा ते सकाळी आठशिवाय लावत नाहीत.

पहिल्याच सोमवारी त्यांनी पहाटे सव्वापाचला २०१ ची बेल वाजवली आणि दार उघडेपर्यंत सोडली नाही. वरची दोन घरं जागी झाली. कडीला पिशवी होती, बरोबर होतं त्यांचं. दूधवाला अजून यायचा होता.